'मानभावी' हा शब्द आणि महानुभाव पंथ : प्रतिपक्षाच्या साक्षीचा विचार

मराठी भाषेत 'मानभावी' या विशेषणाचा अर्थ वरून गोड, आतून कपटी असा रूढ आहे. कोशांत तो याच अर्थाने दिलेला असतो आणि बोलण्यातही याच अर्थाने येतो. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु हा शब्द ज्या नामावरून निघाला, ते नाम एका जिवंत धर्मपंथाचे आहे, व त्या पंथाचे सर्वांत पूज्य स्थान असलेले ऋद्धपूर हे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे, याची जाणीव शब्द वापरणाराला क्वचितच असते. 'महानुभाव' म्हणजे थोर अनुभवाचा, उदात्त अंतःकरणाचा पुरुष. या आदरवाचक संस्कृत शब्दाची लोकमुखात झीज होऊन 'मानभाव' हे रूप झाले. रूपाची झीज ही भाषेची नेहमीची गोष्ट होय, तिच्यात कोणाचा दोष नसतो. अर्थाची झीज मात्र आपोआप होत नाही. तिच्यामागे कोणीतरी काहीतरी सांगितलेले असते, आणि कोणीतरी ते ऐकून घेतलेले असते.

एखाद्या समाजाविषयी आपला ग्रह त्याच्या प्रतिस्पर्ध्याने रचलेल्या कथांवरून झाला असेल, तर तो ग्रह कितपत न्याय्य मानावा, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील जुना प्रश्न आहे. महानुभावांच्या बाबतीत तो विशेष तीव्र होतो. सुमारे सहा शतके या पंथाचे स्वतःचे म्हणणे सांकेतिक लिपीत बंद होते, आणि त्या काळात बाहेर जे बोलले जात होते ते सर्व इतरांचे होते.

पंथाची मूळ हकीकत थोडक्यात अशी. गुजरातेतून आलेल्या चक्रधरांची ऋद्धपुरास गोविंदप्रभूंशी, म्हणजेच गुंडम राउळांशी, भेट झाली. पुढे दीर्घकाळ एकाकी भ्रमण केल्यावर शके ११९० (इ. स. १२६८) च्या सुमारास पैठण येथे त्यांनी संन्यास स्वीकारला व त्यांच्याभोवती शिष्यपरिवार जमू लागला. शके ११९६ (इ. स. १२७४) च्या सुमारास ते उत्तरापंथास गेले अशी पंथाची श्रद्धा आहे. त्यानंतर परिवार ऋद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिला, आणि तेथेच म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून, पडताळून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्याचा काळ इ. स. १२७८ च्या आसपासचा मानला जातो. मराठी गद्याचा आरंभ जेथे धरला जातो तो हा ग्रंथ वऱ्हाडात लिहिला गेला. गोविंदप्रभूंनंतर नागदेवाचार्यांनी, म्हणजे भटोबासांनी, पंथ सांभाळला. पंडितांनी संस्कृतात लिहू पाहिले असता त्यांनी नापसंती दर्शविली ती याच कारणाने की, तसे झाल्यास पंथातील साध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील. पंथीयांनी जी सात काव्ये विशेष मानली त्यांपैकी 'ऋद्धपूरवर्णन' ऋद्धपुराच्याच माहात्म्यावर आहे, आणि 'ज्ञानप्रबोध' हे ज्याचे, तो विश्वनाथ आपल्या नावापुढे बाळापूरकर हे उपपद लावतो. बाळापूर अकोला जिल्ह्यात मोडते. वऱ्हाडच्या वाङ्मयीन इतिहासाचे पहिले पान अशा रीतीने त्याच पंथाचे आहे, ज्याच्या नावाचे वऱ्हाडसह सर्व महाराष्ट्राने शिवीत रूपांतर केले.

आता प्रतिपक्षाची कथा पाहू. ती अनेक पाठांनी प्रचलित होती, परंतु तिचा सांगाडा एकच आहे. पैठणास कृष्णभट नावाचा एक ब्राह्मण होता. त्याने वेताळाला प्रसन्न करून घेतले. वेताळाने त्याला एक मुकुट दिला, आणि तो मस्तकी धारण करताच कृष्णभट साक्षात श्रीकृष्णासारखा दिसू लागे. लोक भुलले, पूजा करू लागले. अखेरीस कोणा चतुर माणसाने तो मुकुट काढून घेतला, सोंग उघडे पडले, आणि भोंदू गुरूसह त्याच्या शिष्यांना हाकलून देण्यात आले. दुसऱ्या पाठात मुकुट नाही. तेथे कृष्णभट राजगुरू आहे, तो एका मांग स्त्रीच्या नादी लागतो, आणि त्याच्या मुलांपासून पंथ चालतो. काही ठिकाणी दोन्ही पाठ एकत्र गुंफलेले आढळतात.

ही कथा अद्भुताच्या सामग्रीने भरलेली आहे म्हणून ती टाकून द्यावी, असे म्हणणे फार सोपे आहे. तसे केल्यास तिच्यातून जे शिकता येते तेही हातचे जाते. कथेची परीक्षा तिला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही यावरून केली पाहिजे. तिला चक्रधर माहीत नाहीत, गोविंदप्रभू माहीत नाहीत, नागदेव किंवा म्हाइंभटही माहीत नाहीत. ऋद्धपुराचे नाव तिच्यात नाही. दत्तात्रेय, चांगदेव राउळ ही पंथाच्या पंचकृष्णांतील नावेही नाहीत. तिला माहीत आहेत त्या गोष्टी एवढ्याच : हे लोक कृष्णाला भजतात, ते आपल्या गुरूला ईश्वर मानतात, पैठणाशी त्यांचा काही संबंध आहे, आणि त्यांना अस्पृश्यांचा विटाळ वाटत नाही. या चारही गोष्टी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दिसतील किंवा कानावर येतील अशा आहेत. घरात न शिरता दारावरून जे दिसते तेवढ्यावर ही कथा रचलेली आहे.

तिचा रचनाक्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. पंथ म्हणतो, आमचे गुरू मानवी देहात आलेले परमेश्वर होत. कथा म्हणते, ते रूप मुकुटाचे होते. पंथ म्हणतो, आम्ही क्षुद्र देवतांना भजत नाही. कथा म्हणते, तुमचा उगमच वेताळापासून, क्षुद्रांतल्या क्षुद्र देवतेपासून, झाला आहे. पंथ मांगामहारांच्या वस्तीत जातो, म्हणून कथेत पंथाची उत्पत्तीच तेथली ठरते. प्रत्येक वेळी पंथाचे जे वैशिष्ट्य तेच उलटे करून त्याचे पाप बनविले आहे. कथाकार अडाणी नव्हता, त्याला कोठे मारावे हे ठाऊक होते. अशी कथा पंथाच्या उत्पत्तीविषयी साक्ष देत नाही. पंथाच्या कोणत्या गोष्टी शेजाऱ्यांना खुपत होत्या, याविषयी मात्र ती उत्तम साक्ष देते.

मांगकुळाच्या आरोपाला तर पंथाचा इतिहासच आडवा येतो. नागदेव, म्हाइंभट, केशिराज, महदाइसा, दामोदर पंडित, भास्करभट बोरीकर ही आरंभीची सर्व मंडळी ब्राह्मण होती, आणि त्यांतील कित्येक शास्त्रसंपन्न होती. म्हाइंभट तर विद्येच्या अभिमानाने वाद करण्यास आले व शिष्य झाले. नरेंद्र कवीने आपले 'रुक्मिणीस्वयंवर' रामदेवराव यादवाच्या सभेत म्हटले, आणि राजाने ते आपल्या नावावर करण्याची इच्छा दाखविली असता त्याने नकार दिला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ज्या पंथाच्या कवीला देवगिरीच्या सभेत मान होता, तो त्या काळी बहिष्कृत होता असे म्हणता येत नाही. बहिष्कार मागाहून आला. ही कथा म्हणजे त्या बहिष्काराला मागाहून शोधून काढलेले कारण होय.

कथेचे पुढचे भाग्य अधिक शोचनीय आहे. इंग्रजी अमदानीत लोकांच्या जातिधर्मांच्या नोंदी होऊ लागल्या, त्या वेळी नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याने पंथाच्या महंतापेक्षा गावच्या प्रतिष्ठितांना विचारणे साहजिक होते. रसेल व हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींविषयीचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात कृष्णभट व मांग स्त्री यांची ही कथा आली आहे. १९११ च्या गणनेनुसार हिंदुस्थानात या पंथाचे सुमारे १०,००० लोक होते व पैकी सुमारे ४,००० मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, असेही तेथे म्हटले आहे. आकडा गणनेतला आणि कथा चावडीवरची, पण एकाच पानावर छापल्या गेल्यामुळे दोहोंना सारखेच वजन आले. पुढे कित्येकांनी कथेचा उल्लेख 'सरकारी ग्रंथात नमूद आहे' असा केला असल्यास नवल नाही. अफवेला ग्रंथाचा आधार मिळाला की तिचे वय कोणी विचारीत नाही.

मग शेजाऱ्यांना खुपत होते ते काय? याचे उत्तर पंथाच्या तत्त्वज्ञानातच आहे. महानुभाव मतानुसार जीव, प्रपंच, देवता आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परभिन्न आहेत. देवता आहेत, त्यांचे सामर्थ्यही आहे, पण त्या मोक्ष देऊ शकत नाहीत. तो अधिकार एकट्या परमेश्वराचा. या एका सिद्धांतापासून ग्रामदेवतेची जत्रा, कुलदेवतेचा कुळाचार, व्रते, उद्यापने, नवस, आणि त्यांवर चालणारी पौरोहित्याची वृत्ती या सर्वांना बाध येतो. गावाचे जे सामाईक धर्मजीवन त्यात जो भाग घेत नाही, त्याच्याविषयी गावाच्या मनात अढी बसते. विठ्ठलाचाही समावेश देवतांत होत असल्याने वारकरी संप्रदायाशी स्नेह जुळणे कठीण झाले. संतांच्या नावावर छापल्या जाणाऱ्या गाथांत मानभावांवर कोरडे ओढणारी काही पदे सापडतात. त्यांपैकी कोणती अस्सल व कोणती मागाहून घुसडलेली हा पाठचिकित्सेचा विषय आहे, परंतु अशी पदे संतांच्या नावावर खपली यावरूनच वातावरण कळून येते.

स्त्रियांचा प्रश्न याहून नाजूक. चक्रधरांच्या परिवारात बाइसा, महदाइसा, उमाइसा या स्त्रिया होत्या, आणि त्यांना संन्यासाचा अधिकार पुरुषांइतकाच होता. स्त्रीच्या मासिक विटाळाची गणना चक्रधरांनी शरीराच्या इतर मलांबरोबर केली आणि त्यात पाप मानण्याचे कारण नाही असे स्पष्ट सांगितले, हे 'लीळाचरित्रा'त नमूद आहे. तेराव्या शतकात हे बोलणे केवढे धाडसाचे होते हे सांगावयास नको. महदाइसेचे धवळे हे मराठीतील आद्य स्त्रीरचित काव्य ज्या वातावरणात निर्माण झाले ते हेच. परंतु संन्यासी पुरुषांबरोबर संन्यासिनी स्त्रिया गावोगाव भिक्षा मागत हिंडतात, एवढेच बाहेरून दिसणाऱ्याला त्यावरून वाटेल ते रचता येते, आणि ते रचले गेलेही. मांग स्त्रीच्या कथेचे मूळ येथे असावे, असा तर्क करण्यास जागा आहे.

गोविंदप्रभूंचे ऋद्धपुरातील वर्तनही याच जातीचे. ते मुलांत खेळत, कोणाच्याही घरी जेवत, अस्पृश्यांच्या वस्तीत मोकळेपणाने जात-येत. गावाने त्यांना वेडे म्हटले आणि राउळ म्हणून पूजिलेही. ऋद्धपुराचा समाज चक्रधरांच्या पैठणापेक्षा सहिष्णु होता की वेडाच्या नावाखाली आचारभंग खपून जात होता, याचा निर्णय करणे सोपे नाही. वऱ्हाडकडच्या लोकांच्या उदारपणाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी दुसरी शक्यता विसरू नये.

येथपर्यंतचे विवेचन पंथाच्या बाजूचे झाले. परंतु पंथावर झालेल्या अन्यायात पंथाचा स्वतःचा वाटा मुळीच नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रात राहण्यास सांगितले, पण लोकांत मिसळण्यास सांगितले नाही. अपरिचित प्रदेशात, झाडाखाली, कोणाच्या ओळखीदेखीत न येता देह झिजवावा, असा आचार त्यांनी घालून दिला. जो पंथ अज्ञात राहणे हाच धर्म मानतो, त्याच्याविषयी लोकांत अज्ञान असणे क्रमप्राप्त आहे. त्यात सांकेतिक लिप्यांची भर पडली. चौदाव्या शतकात रवळोबासांनी 'सकळ लिपी' प्रचारात आणली. तिच्यात एका वर्णाऐवजी ठराविक दुसरा वर्ण लिहावयाचा असतो. कोष्टक जवळ असेल त्याला वाचन सुलभ, नसेल त्याला समोरची पोथी निव्वळ निरर्थक. पुढे सुंदरी इत्यादी आणखी लिप्या निघाल्या. एकेका आम्नायाने आपापली लिपी जपली, आणि पोथ्या पूजेच्या पेटीत गेल्या.

गुप्तता छळामुळे आली की गुप्ततेमुळे छळ वाढला, असा प्रश्न विचारला जातो. पहिल्या मताकडे अभ्यासकांचा कल अधिक दिसतो, कारण त्यात पंथाविषयी सहानुभूती आहे. तथापि कालक्रम त्याला फारसा अनुकूल नाही. सकळ लिपी आली ती नागदेवाचार्यांच्या मागोमागच्या पिढ्यांत. पंथाविषयी उघड तिरस्कार दर्शविणारी सामग्री त्यामानाने बरीच उशिराची आहे. देवगिरीचे राज्य बुडून धामधूम माजली होती, 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथीच त्या काळच्या लुटीत नाहीशी झाली व शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा बांधली, अशी पंथाची परंपरा आहे. ज्याने एकदा ग्रंथ गमावला तो दुसऱ्यांदा तो जपून ठेवील, हे समजण्यासारखे आहे. अनधिकाऱ्याच्या हाती ब्रह्मविद्या पडू नये ही भावनाही होतीच. म्हणजे लिपी घातली गेली ती मुख्यतः जतनासाठी व पावित्र्यासाठी, परंतु तिचा परिणाम असा झाला की, कृष्णभटाच्या कथेला उत्तर देण्याचे एकमेव साधन पंथाने स्वतःच कुलूपबंद करून ठेवले. नागदेवाचार्यांनी म्हाताऱ्यांसाठी मराठीचा आग्रह धरला, आणि त्यांच्या नातशिष्यांनी तीच मराठी कोणाला वाचता येणार नाही अशी लिहिली. या विसंगतीकडे पंथाच्या कैवाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

म्हणीचा विचार आता स्वतंत्रपणे केला पाहिजे. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' या वाक्यात दोन निराळी माणसे उपमान म्हणून आली आहेत. क्रूर कृतीसाठी कसाब, आणि मृदू वाणीसाठी मानभाव. ज्याच्यावर म्हण योजावयाची तो तिसराच कोणी. तो कृतीने पहिल्यासारखा आणि वाणीने दुसऱ्यासारखा असतो. नीट पाहिले असता म्हणीत मानभावावर कोणताही आरोप नाही. उलट मानभावाचे बोलणे मृदू असते, हे ज्याअर्थी दाखल्यादाखल घेतले आहे, त्याअर्थी ते सर्वमान्य होते. पंथाचा अहिंसेवरचा भर विलक्षण होता. मुंगी चिरडली जाऊ नये, शब्दानेही कोणाला दुखवू नये, हा संन्याशाचा नित्याचार. त्या आचाराची ती लौकिक पावती होय. कसाबाशी शेजार केवळ विरोध खुलविण्यासाठी आहे. परंतु म्हण वारंवार उच्चारली गेल्याने तिचे दोन भाग एकमेकांत मिसळले, ढोंगाचा जो आरोप तिसऱ्यावर होता तो उपमानावर येऊन बसला, आणि 'मानभावी' म्हणजेच ढोंगी असा अर्थ पक्का झाला. कृष्णभटाच्या कथेने त्याला हातभार लावला असेल. म्हणीत सुरुवातीपासूनच उपरोध होता असे कोणी म्हणेल. तसे असणे अशक्य नाही. परंतु उपरोधालाही आधी मृदुभाषित्वाचा लौकिक असावा लागतो, तो नसेल तर उपरोध कळणारच नाही.

पंथनामाचा अपशब्द होणे ही गोष्ट जगाच्या इतिहासात नवी नाही. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' हा शब्द कोणत्याही धर्मपंथाला उद्देशून, किंबहुना सर्व पंथांचा आदर करावा असे सांगताना, आला आहे. त्याच शब्दाचा पुढे 'पाखंड' झाला. अशोकाची 'देवानांप्रिय' ही पदवीही उत्तरकालीन व्याकरणपरंपरेत मूर्ख या अर्थाला पोहोचली. प्राचीन ग्रीसमध्ये पैसे घेऊन वक्तृत्व व नीती शिकविणारे सोफिस्ट होते. त्यांचे स्वतःचे लेखन बहुतेक नष्ट झाले, प्लेटोचे संवाद राहिले, आणि आज 'सोफिस्ट' म्हणजे शब्दच्छल करणारा. ज्यू धर्मातील परुशी हा एक अभ्यासू पंथ, ज्याच्या परंपरेतून पुढचा रब्बींचा ज्यू धर्म उभा राहिला. ख्रिस्ती शुभवर्तमानांतून तो जगाला कळला तो मात्र दांभिकांचा समूह म्हणून. या उदाहरणांत आणि महानुभावांत एक मोठा फरक आहे. सोफिस्टांचे ग्रंथ गेले ते गेले. महानुभावांचे ग्रंथ पेटीत सुरक्षित होते. म्हणूनच येथे प्रतिपक्षाची साक्ष मूळ पक्षाच्या साक्षीशी ताडून पाहणे शक्य झाले, आणि अशी संधी इतिहासात क्वचित मिळते.

ही ताडणी होऊ शकली ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचे कोडे उलगडले, वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'त पंथाच्या वाङ्मयाला स्थान दिले. परंतु मुख्य काम विदर्भाकडच्या माणसांनी केले, हे नमूद करणे प्रादेशिक अभिमानाचे नसून वस्तुस्थितीचे आहे. पोथ्या येथे होत्या, मठ येथे होते, आणि महंतांशी शेजारधर्माने बोलता येईल अशी माणसेही येथेच होती. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ साली प्रसिद्ध झाले. ह. ना. नेने यांनी १९३६ पासून नागपुरातून 'लीळाचरित्र' भागशः छापून काढले. आणि बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यात जन्मलेल्या वि. भि. कोलते यांनी (१९०८–१९९८) तर सारे आयुष्य या विषयाला वाहिले. 'महानुभाव तत्त्वज्ञान' (१९४५), 'महानुभावांचा आचारधर्म' (१९४८), 'श्रीचक्रधर चरित्र' (१९५२) या त्यांच्या ग्रंथांनंतर पंथाला वाममार्गी किंवा भोंदू म्हणणे कोणाही जाणत्या माणसाला शक्य राहिले नाही. कृष्णभटाची कथा विद्वानांच्या जगातून अशी हद्दपार झाली.

तथापि प्रतिपक्षाच्या साक्षीचा प्रश्न तेथे संपला नाही. तो उलट बाजूने पुन्हा उभा राहतो. पंथाचे ग्रंथ उघडताच त्यांतूनही एक प्रतिपक्ष दिसू लागला, आणि तो म्हणजे हेमाद्री पंडित. यादवांचा श्रीकरणाधिप, 'चतुर्वर्गचिंतामणी' या प्रचंड धर्मनिबंधाचा कर्ता, ज्याच्या नावाने वऱ्हाड-मराठवाड्यातील चुन्यावाचून बांधलेली दगडी देवळे 'हेमाडपंती' म्हणून ओळखली जातात, तो हेमाद्री 'लीळाचरित्रा'त चक्रधरांचा द्वेष्टा म्हणून येतो. पैठणच्या सभेत महदाश्रमादी पंडितांसह तो आरोप करणाऱ्यांच्या बाजूला आहे. व्रतांचा व दानांचा एवढा मोठा संग्रह करणाऱ्या राजमंत्र्याला व्रते निष्फळ ठरविणारा उपदेशक रुचणार नाही, हे संभवनीय आहे. परंतु हेमाद्रीचे या प्रसंगाविषयीचे म्हणणे उपलब्ध नाही. त्याच्या स्वभावाचे, हेतूंचे आणि त्या सभेतील बोलण्याचे जे चित्र आहे ते सर्व दुखावलेल्या शिष्यांच्या आठवणींतून आलेले आहे, तेही एकदा गहाळ होऊन पुन्हा जुळविलेल्या पोथीतून, आणि वेगवेगळ्या पाठांत ते सारखे नाही.

'लीळाचरित्रा'ची साक्ष कृष्णभटाच्या कथेहून कितीतरी वरच्या दर्जाची आहे यात संशय नाही. ती समकालीन आहे, स्थळांची व माणसांची नावे देते, कोणी सांगितले हे सांगते, आणि स्वपक्षाच्या माणसांचे दोषही लपवीत नाही. म्हाइंभटांनी साक्षी गोळा करण्यात जो कसोशीचा मार्ग अनुसरला तो आजच्या संशोधकालाही आदर्शवत वाटावा. पण दर्जा वरचा असला तरी ती एका पक्षाची साक्ष आहे. कृष्णभटाच्या बाबतीत जो विवेक लावावयाचा तोच हेमाद्रीच्या बाबतीत सोडून द्यावयाचा, हे न्यायाचे नव्हे. अलीकडील लिखाणात हेमाद्रीला सरसकट खलपुरुष ठरविण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिच्यात जुन्याच चुकीची पुनरावृत्ती आहे. फक्त पक्ष बदलले आहेत.

कोलते यांच्या वाट्याला आलेला अनुभव याच संदर्भात पाहावा लागतो. त्यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली 'लीळाचरित्रा'ची संशोधित आवृत्ती १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केली. तिच्यातील काही लीळांवर पंथातील काही मंडळींनी तीव्र आक्षेप घेतला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. ज्या संशोधकाने पंथावरील कलंक धुऊन काढण्यात उमेद खर्च केली, त्याच्याकडेच पंथाचा एक भाग संशयाने पाहू लागला. श्रद्धावंताच्या दृष्टीने पोथी ही उपासनेची वस्तू आहे, संशोधकाच्या दृष्टीने ती पुरावा आहे, आणि या दोन दृष्टी एका पानावर सुखाने नांदत नाहीत. आक्षेपकांचे सर्व म्हणणे मान्य करण्याजोगे नाही. परंतु सहाशे वर्षे दुसऱ्यांनी आपल्याविषयी वाटेल ते सांगितले अशी स्मृती ज्या समाजाला आहे, तो आपल्या ग्रंथातील प्रत्येक ओळीविषयी हळवा असणार, हे विसरूनही चालणार नाही.

पंथाविषयीचा ग्रह महाराष्ट्राबाहेर किती वेगळा होता, ही गोष्टही तुलनेसाठी घेता येते. मध्ययुगातच महानुभाव पंजाबात पोहोचले व तेथून अफगाणिस्तानापर्यंत गेले. तिकडे त्यांना 'जयकृष्णी' म्हणतात. पंजाबी अनुयायांनी मराठी पोथ्या वाचण्यासाठी मराठी शिकून घेतली, आणि आजही ऋद्धपूरच्या यात्रेस तिकडील कुटुंबे येतात. त्यांच्या भाषेत पंथनामाला कोणताही हीन अर्थ चिकटलेला नाही. कृष्णभटाची कथा जेथे पोहोचली नाही तेथे 'मानभावी' हा शब्दही जन्मला नाही. आचार तोच, गुप्तता तीच, काळी वस्त्रेही तीच, तरी ग्रह निराळा. यावरून पंथाच्या दुर्लौकिकाचे कारण मुख्यतः पंथात नसून त्याच्या महाराष्ट्रातील शेजारात शोधले पाहिजे, या अनुमानाला बळकटी येते.

२०२४ साली ऋद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले. मराठी गद्याच्या पहिल्या ग्रंथाचे जन्मस्थान म्हणून त्या गावाची निवड झाली. तेथे होणाऱ्या कामांत एक काम कोशाचेही असावे. 'मानभावी' या विशेषणाचा हीन अर्थ कोणत्या कागदात प्रथम येतो, तो देशावरच्या दफ्तरांत आधी दिसतो की वऱ्हाडच्या, आणि अमरावती-अकोल्याकडील जुन्या खत-पत्रांत 'मानभाव' हे नाव निव्वळ जातिवाचक म्हणून केव्हापर्यंत येते, याची तारीखवार नोंद झाली म्हणजे म्हणीविषयी वर केलेला तर्क टिकतो की नाही हे ठरेल. तोपर्यंत कोशकारांना एवढे करता येण्याजोगे आहे की, शब्दाचा रूढ अर्थ देताना त्याच्या शेजारी त्याची व्युत्पत्तीही छापावी.